अजून सहा महिने

हॅलो?… हो गं मनाली, आईच बोलतेय. बाबा आंघोळीला गेलेत… नाही विचारलं अजून. अगं ऐक ना…

काय विचारू? काल कोर्टातून आले ते मुदतवाढीवर सही करूनच. अजून सहा महिने… हो, हो, माहितेय मला! रिटायर झालेल्या जजला परत बोलावून घेतलं आणि आठ महिन्यांत एक रुपया नाही दिला. आधी म्हणाले, शेवटच्या पगारातून पेन्शन वजा करून बिल पाठवा. पाठवलं. आता म्हणे, पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे ते वरून कळेल… माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन राहू दे गं. लिफ्ट आहे ना सोसायटीत.

का म्हणजे? तुर्भ्याची ती ज्ञानेश्वरी… नवरा ट्रेलरखाली गेला तिचा. नऊ वर्षं भरपाईसाठी खेटे घालतेय. साक्षी झाल्या, समोरच्या वकिलाचं तेवढं ऐकायचं राहिलंय. तर काल उठून म्हणतो कसा, पुढच्या महिन्याची तारीख द्या! यांची मुदत या महिन्यात संपते हे ठाऊक असून. म्हणजे नवा जज, सगळं परत ऐकायचं. हे भडकले. पुढच्या महिन्याची दोनच तारीख दिली आणि चेंबरमध्ये जाऊन मुदतवाढीवर सही ठोकली.

हो गं, तुझ्या नवऱ्याने, अभिरामने, बाबांसाठी ओळखीतून काम आणलंय, कळतंय. कंपन्यांचे तंटे मिटवायचे, एका बैठकीचे चाळीस हजार… मलाही मोह होतो. पण त्यासाठी आधी कोर्ट सोडायला हवं… आजच का हवंय उत्तर? एवढी कसली घाई?… कंपनी कुठली पण?

काय?… परत सांग… द्रोणागिरीला गोदामं आहेत ती? सागरवाट?

मनाली… अगं, तो ट्रेलर त्यांचाच होता.

…रडू नकोस. अभिरामला माहीत नसणार, मी ओळखते त्याला… नाही! बाबांना अजिबात नाही सांगायचं. त्या कंपनीची विचारणा जावयाकडूनच आली म्हटल्यावर ते तडक केस सोडतील. मग त्या बाईचं परत पहिल्यापासून… आणि नाही सांगितलं तर? पस्तीस वर्षांत यांच्यापासून काही लपवलं नाही गं मी… हो. हो, राहील माझ्यापाशीच. त्याला म्हणावं, नकार कळव, कारण देऊ नकोस… थांब, दार वाजलं…

काही नाही हो, मनाली आहे. बांगड्याच्या तिखल्यात कोकमं किती, विचारतेय… हां, पाच-सहा घाल गं… काय हो? तुम्हाला बोलायचंय तिच्याशी?…

अहो… कट झाला वाटतं.