ताईच्या अंगणातला आर्माडिलो

नाइट शिफ्ट संपवून करुणा वेस्टमीड स्टेशनच्या बाकावर टेकली. डोळे आपोआप मिटत होते. पण शेजारी बसलेली नर्स आणि तिचा धाकटा भाऊ चक्क मराठीत बोलत होते, म्हणून कान तेवढे जागे राहिले.

"बाबा शनिवारी उतरतायत. म्हणाले, घरी गेल्या गेल्या आर्माडिलो दाखव."

"ताई, तो ऑस्ट्रेलियात नसतोच. तिकडे अमेरिकेत असतो."

"माहितेय रे. पण आई गेल्यावर फोनवर 'जेवलीस का'च्या पुढे त्यांची गाडीच जाईना. एकदा म्हणाले, तुमच्याकडे तो चिलखत घातलेला प्राणी असतो ना? मी इतकी दमलेले, हो म्हणून टाकलं."

"मग?"

"मग काय, सहा वर्षं दर रविवारी येतोय माझ्या अंगणात. कधी दचकून तीन फूट उंच उडतो, कधी हुबेहूब एकसारखी चार पिल्लं घेऊन येतो. बाबांना हसून हसून ठसका लागतो."

"अगं, तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस!"

"तेच तर! आता कुठल्या तोंडाने सांगू त्यांना?"

"नको सांगूस. त्यांना माहितेय."

"काय?"

"दुसऱ्याच रविवारी त्यांनी मला विचारलं. मी खरं ते सांगून मोकळा झालो. तर म्हणाले, ताईला सांगू नकोस. एरवी फोनवर नुसत्या जांभया देते पोर, त्या आर्माडिलोचं सांगताना तेवढी हसते."

ट्रेन आली. तिघांपैकी कुणीच उठलं नाही.