बोक्केरीनीतला ‘क’

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय श्रीनिवास देवस्थळी, व्यासपीठावर बसलेले आमचे अवधूत साठे सर आणि मंदाकिनीकाकू, सरांचे तेहेतीस वर्षांतले विद्यार्थी, त्यांचे पालक, आणि कर्वेनगरात गाडी लावायला जागा शोधून थोडे उशिरा आलेले रसिकहो,

मी ऋतुजा वडके. सर पुढच्या आठवड्यात नाशिकला लेकीकडे राहायला जाणार आणि त्यांचा व्हायोलिनचा वर्ग मी चालवणार. शब्द पुढेमागे झाले तर सांभाळून घ्या.

सरांच्या शिस्तीवर सगळेच बोलतील. मी एका अक्षरावर बोलणार आहे.

अकरा वर्षांपूर्वी मी तेरा वर्षांची होते, मराठी शाळेतली. वार्षिक कार्यक्रमात मी एका इटालियन संगीतकाराची रचना वाजवणार होते आणि तिची घोषणाही इंग्रजीतून मीच करायची होती. आडनाव बोक्केरीनी. सर आम्हाला शिकवायचे ‘बोचेरीनी’. इंग्रजी स्पेलिंगमध्ये सी-एच दिसलं की आपण ‘च’च म्हणतो, नाही का? पण बाबांच्या मोबाइलवर मी एका इटालियन वादकाची मुलाखत ऐकली. तो स्वच्छ ‘क’ म्हणत होता. मी दहा वेळा ऐकलं आणि आनंदाने धावत शनिवार पेठेतल्या वर्गात गेले.

“सर, ते ‘च’ नाहीये, ‘क’ आहे.”

वर्गात वीस मुलं होती. सर म्हणाले, “बावीस वर्षं शिकवतोय मी. आता तू मला शिकवणार? आधी व्हायोलिनचा बो सरळ धरायला शीक.”

मुलं हसली. मी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि घरी आले. तीन आठवडे वर्गाला गेले नाही. आईने विचारलं, बाबांनी विचारलं, मी काही सांगितलं नाही. खरं सांगते, मी व्हायोलिन सोडलंच होतं.

इकडे सरांना मात्र चैन पडेना. हे मला पुढे काकूंनी सांगितलं. त्यांनी इटालियन शिकवणाऱ्या सलोनी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “इटालियनमध्ये सीपुढे ई आला की ‘च’, पण मध्ये एच घातला की ‘क’. इंग्रजीच्या अगदी उलट. तुमची विद्यार्थिनी बरोबर आहे.”

दुसऱ्या दिवशी सर कसबा पेठेत आमच्या दुकानी आले, तेव्हा मी तिथेच होते. माझे बाबा, ज्ञानदेव वडके, तांब्याची भांडी घडवतात. त्यांनी हातोडा थांबवला. सर उभ्यानेच म्हणाले, “ऋतुजा, बोक्केरीनीत ‘क’च आहे, तुझं बरोबर होतं. मी चुकलो. आणि चारचौघांत तुला बोललो, ती त्याहून मोठी चूक.”

बाबा गोंधळले. “सर, एवढ्या एका अक्षरासाठी इथवर आलात?”

“अहो, तुमच्या पाटीवर पेंटरने वडकेचं वडचे केलं तर?”

“पुन्हा रंगवायला लावीन.”

“मग? त्या माणसालाही आडनाव आहे.”

मी रडले. लगेच घरून पेटी आणून सरांबरोबर निघाले. वाटेत सर म्हणाले, “इंग्रजी वाक्यात इटालियन लोकांसारखा दोन ‘क’वर जोर देऊ नकोस, उगाच दिखाऊ वाटतं. इंग्रज म्हणतात तसं ‘बॉकरीनी’ म्हटलंस तरी चालेल. पण ‘क’चा ‘च’ करायचा नाही.”

कार्यक्रमाच्या दिवशी माझ्याआधी सरच माइकवर गेले. सभागृहात जुने विद्यार्थी होते. सर म्हणाले, “हे आडनाव मी तुम्हा सगळ्यांना चुकीचं शिकवलं. या मुलीने ते दुरुस्त केलं. आता ती म्हणेल तसं म्हणा.”

मागून त्यांच्यातला आमोददादा उठला. म्हणाला, “सर, लंडनला संगीत विद्यालयाच्या मुलाखतीत मी ‘बोचेरीनी’ म्हणालो होतो. समोरचे हसले. का हसले, ते आज कळलं.”

सरांनी हात जोडले. “आमोद, मला माफ कर.”

“प्रवेश मिळाला होता सर,” आमोददादा म्हणाला. “वाजवायला बरोबर शिकवलं होतंत.”

मग टाळ्या थांबेचनात. मी घोषणा केली, ‘क’ स्वच्छ म्हटला आणि वाजवायला सुरुवात केली.

गेल्या सोमवारी मी वर्ग घेत होते. सर मुलांबरोबर शेवटच्या बाकावर बसले होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

“बाई, एक विचारू? तिसऱ्या ओळीतला सूर जरा चढा लागतोय का?”

सरांनी मला बाई म्हटलं. मग मी वाजवून पाहिलं. सूर चढाच होता.

सर, काकू, नाशिकला सुखाने राहा. अध्यक्षमहाराजांचे, आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर क्षमा करा. आणि एखादं नाव चुकलं असेल, तर चहाच्या वेळी मला गाठून नक्की सांगा. वर्ग हाती घेण्याआधी मी ते दुरुस्त करीन.