पुलापलीकडचा पत्ता

चुगली करणारा माणूस याच गावात आहे आणि इथलाच चहा पितोय — असं लिही हवं तर पहिल्या ओळीत. नाव नको. नाव कुणाचंच घालायचं नाही असं तूच म्हणालीस ना मघाशी? मग झालं. बस, त्या पेटीवर बस, रिकामी आहे ती. माझे हात थांबणार नाहीत हं पोरी, अर्ध्या तासात पोरं मध्यंतराच्या विश्रांतीला येतील आणि आली की पहिल्यांदा कँटीनच्या या खिडकीशीच. एका संत्र्याच्या चार फोडी, चाळीस संत्री. चौतीस वर्षं हेच. हल्ली त्यांना बाटल्यांतलं निळं-हिरवं पाणी मिळतं, तरी संत्री लागतातच. सवय.

तर तुला फुटबॉल लीगनं पाठवलंय. नदीकाठच्या सगळ्या क्लबांत जाऊन विचारायला — उत्तरेकडच्या मोठ्या क्लबांना आपापल्या हद्दीतली पोरं इतरांच्या आधी उचलू द्यायची, हे न्याय्य आहे का? होय, नाही, सांगता येत नाही. तीन चौकोन. छान. म्हणजे एवढ्या सगळ्यासाठी तीन चौकोन पुरले. नाही, चिडले नाही मी. मला हल्ली चिडायला होत नाही. केरिन, माझी मुलगी, म्हणते, आई, तू भिंतीसारखी झालीस. झाले असेन.

मूळ नियम काय होता? सोपा होता. जो संघ सगळ्यांत खाली, त्यानं पोरांच्या यादीतून पहिला निवडायचा. हरलेल्याला आधार. यात वाईट काय? काहीच नाही. मग म्हणाले, बापानं ज्या क्लबासाठी शंभर सामने खेळले त्या क्लबाला त्याचा पोरगा आधी. बरं, तेही समजू शकते, घराणं असतं. मग म्हणाले, उत्तरेत लोकांना रग्बीचं वेड, आपला हा हातापायांचा फुटबॉल तिथं कुणी खेळत नाही, तर तिथल्या क्लबांनी बारा-तेरा वर्षांची पोरं धरावीत, शिकवावीत, आणि शिकवली म्हणून पहिला हक्क त्यांचा. दुसऱ्या कुणी निवडीत त्या पोराचं नाव घेतलं, की हे हात वर करणार — थांबा, हा आमचा. आणि निवडीतले आपल्या वाट्याचे मागचे दोन-तीन नंबर देऊन तो पुढचा पोरगा घेऊन जाणार. तेही एक वेळ ठीक. पण हद्द आखली कुठून? नदीवरून! अगं, या नदीच्या दोन्ही काठांवर शंभर वर्षं हाच खेळ चाललाय. पलीकडच्या पोरांना कुणी रग्बीतून सोडवून आणायचं नव्हतं. माझा नवरा पलीकडचा, आणि लग्नाच्या दिवशी सकाळी तो इथं सामना खेळून आला होता, नाक सुजवून. फोटोत दिसतं.

आणि नदी कुणाची, माहीत आहे तुला? सगळीच्या सगळी पलीकडच्या राज्याची. आपल्या काठावरून गळ टाकायचा तरी त्यांचा परवाना लागतो. पाय पाण्यात घातला की पाय दुसऱ्या राज्यात. आमची ही दोन पोरं, डार्सी आणि रीस, उन्हाळाभर रोज दुपारी पाण्यात असायची. मी केरिनला म्हणायचे, रोजचे तीन तास ती त्यांच्याच हद्दीत राहतात की गं, लिहून टाक फॉर्मवर. गंमत म्हणून म्हणायचे.

डार्सी माझा नातू. केरिनचा. रीस केरिनच्या शेजारच्या नरेलचा. मध्ये एक कुंपण, तेही यांनी चेंडू मारून मारून वाकवलेलं. दोघं एका वयाचे, एका उंचीचे. लोक विचारायचे, यातला चांगला कोण? मी म्हणायचे, उजव्या पायानं डार्सी, डाव्या पायानं रीस, आणि खायला दोघंही सारखेच. खरं सांगू? रीस चांगला होता. थोडासाच. डार्सीचा हात गोड होता, पण रीसला कळायचं चेंडू कुठं पडणार ते. असं शिकवता येत नाही.

केरिनचं घर या काठावर. पुलापासून चाळीस पावलं. माझं पलीकडे — कॅरव्हॅन पार्कात, चाकांवरच्या घरात, चौदा नंबर. नवरा गेल्यावर मोठं घर काय करायचंय? तर डार्सी तेरा वर्षांचा झाला तेव्हा उत्तरेच्या क्लबाचा माणूस आला होता सामना बघायला. केरिनला म्हणाला, पोरगा उत्तम आहे, पलीकडे राहत असता तर आम्ही उद्याच घेतला असता. त्याच संध्याकाळी केरिन माझ्याकडे. आई, तुझा पत्ता लिहू? मी म्हटलं, लिही. म्हटलं, पण मग तो राहील ना माझ्याकडे? केरिन म्हणाली, हो तर, आठवड्यातले चार दिवस. मी दुसरी खोली रिकामी केली. शिलाईचं मशीन बाहेर काढलं. पलंग आणला, चादर आणली, त्यांच्या क्लबाच्या रंगाची. मूर्खासारखी.

किती दिवस राहिला? चार वर्षांत दोन. एकदा पूर आला होता, पूल बंद होता म्हणून. आणि एकदा केरिनशी भांडून. दर वर्षी फॉर्म यायचा, मी सही करायचे — हा मुलगा माझ्याकडे राहतो. सही करताना एक सेकंद वाटायचं, राहतो की. पत्ता तर माझाच आहे.

नाही नाही, हे लिहू नकोस. हे तुझ्या चौकोनात बसणार नाही.

रीसचं? त्याचं काय, तो याच काठाचा. नरेलला कुणी म्हणालं होतं, तुझी पलीकडे कुणी मावशी-बिवशी नाही का? नरेल म्हणाली, आहे की, पण ती मरून सहा वर्षं झाली, तिचा पत्ता स्मशानभूमीचा, चालेल का? अशी आहे नरेल. वीस वर्षं इथं, या माझ्या शेजारच्या पाटावर संत्री कापायची. माझ्या दुप्पट वेगानं. बोलता बोलता.

मग तो ऑगस्ट. निवडीला तीन महिने राहिलेले. लीगनं पत्त्यांची तपासणी काढली. तुझ्यासारखीच एक मुलगी आली, हातात अशीच कागद लावलेली पाटी. आदल्या दिवशी केरिन डार्सीचे कपडे आणून टाकून गेली, बूट दाराशी, जर्सी खुर्चीवर. मुलीनं खोली बघितली, बाथरूम बघितली, मला विचारलं, कसा आहे हो तुमचा नातू घरात? मी म्हटलं, पसारा फार करतो. ती हसली. खूण केली आणि गेली. झालं. तपासणी पास.

आणि दहा दिवसांनी लीगकडे पत्र. निनावी. मुलगा या पत्त्यावर राहत नाही, तो नदीच्या दक्षिणेला आईकडे राहतो, खोली तपासणीपुरती सजवली होती, दात घासायचा ब्रश नवा होता आणि सकाळी नळाखाली धरून ओला केला होता. बास, एवढंच. चार ओळी. डार्सीला लीगनं उत्तरेच्या क्लबाच्या यादीतून काढलं. म्हणाले, आता तो सगळ्यांबरोबर मोकळ्या यादीत. म्हटलं, बरं झालं, रीससारखाच आता, गुण असतील तर कुणीतरी उचलेलच. न्याय म्हणजे दुसरं काय? पण तसं होत नाही पोरी. ते मला माहीत नव्हतं. चार वर्षं बाकीच्या सतरा क्लबांनी डार्सीकडे बघितलंच नव्हतं नीट. कशाला बघतील? तो उत्तरेकडेच जाणार, आपण पेट्रोल का जाळा? रीसच्या प्रत्येक सामन्याला कुंपणाशी चार-चार माणसं वह्या घेऊन उभी असायची, आणि डार्सीच्या नावापुढं सगळ्यांनी आधीच रेघ मारून ठेवलेली. हक्क गेला, आणि ओळखणारं तर कुणी नव्हतंच. ज्यांनी शिकवलं होतं त्यांनीही घेतला नाही — म्हणाले असतील, नसती भानगड.

निवडीच्या संध्याकाळी आम्ही केरिनकडे टीव्हीसमोर. सॉसेज रोल मी केले होते, साठ. एकेक नाव येत होतं. एकावन्नावं नाव रीसचं — मेलबर्नचा क्लब. कुंपणापलीकडून असा आवाज आला, असा आवाज — आणि मग एकदम बंद. नरेलनं सगळ्यांना गप्प केलं असणार. आमच्यासाठी. डार्सी टीव्हीकडंच बघत होता. शेवटचं नाव झालं, जाहिरात लागली. तो उठला, एक रोल उचलला, खाल्ला, म्हणाला, मस्त झालेत आजी. दुसऱ्या महिन्यात पश्चिमेला खाणीवर गेला. दीड वर्ष झालं. नाताळला फोन येतो.

मग लोकांनी जोडलं की दोन आणि दोन. फायदा कुणाचा झाला? नरेलच्या पोराचा. शेजार कुणाचा? नरेलचा. झालं. तिच्या टपालपेटीवर रंगानं लिहिलं — चुगलखोर. बेकरीत तिच्याशी कुणी बोलेना. केरिननं कुंपणावर पत्रे ठोकून घेतले. आणि कमिटीनं मला सांगितलं, व्हॅल, कँटीनच्या पाळ्यांतून नरेलचं नाव काढ, पालक नाराज आहेत. पाळ्यांचा कागद मीच लिहिते. मी काढलं. ती एकदा आली होती विचारायला, त्या तिथं उभी राहिली, तू उभी होतीस तिथं. म्हणाली, व्हॅल, तुला तरी वाटतं का गं मी असं करीन? मी म्हटलं, नाही वाटत. ती म्हणाली, बास मग. तेवढंच पुरेल मला. आणि गेली.

काय झालं? लिहायची थांबलीस का?

काय विचारलंस? पत्रात काय होतं ते मला कसं माहीत?

सगळ्यांनाच माहीत आहे — नाही. नाही, बरोबर आहे तुझं. लीगनं नुसतं कळवलं होतं, माहिती मिळाली म्हणून. पत्र कुणी दाखवलं नाही. आणि नळाखालचं तर... बाथरूममध्ये मी एकटीच होते. हुशार आहेस. तुझ्या आधीच्या मुलीनं नुसता ब्रशला हात लावून बघितला होता.

मी न्यायासाठी लिहिलं ते. ऐकून घे. रीस चांगला होता आणि त्याला काही नव्हतं, आणि आपला पोरगा खोट्या पत्त्यावर पुढं जाणार, हे मला बोचत होतं. चार वर्षं बोचत होतं. मग चार वर्षं का नाही लिहिलं? तेच तुझ्या तोंडावर दिसतंय. तर तपासणी झाली त्या दिवशी मी लँबचे चॉप केले होते. पुदिन्याची चटणी केली. दोन ताटल्या मांडल्या. म्हटलं, आज तरी राहील, खोली एवढी लावलेली आहे, कपडे इथंच आहेत. सहाला त्याचा निरोप आला फोनवर. आजी, झालं ना तपासणीचं? मग आता यायला नको ना. आणि खाली हसरा चेहरा. पोरगा वाईट नाही गं. त्यानं खरं तेच विचारलं. मी दोन्ही ताटल्यांतलं खाल्लं आणि ब्रश कचऱ्यात टाकला. मग कागद घेतला.

लिहिताना मी न्याय हा शब्द दोनदा लिहिला होता. मग खोडला. चार ओळी ठेवल्या.

नरेलचं घर केव्हाच विकलं गेलंय. आज ती गाव सोडून जातेय. तीनला ट्रक येणार आहे. आत्ता वाजले किती? सव्वादोन? म्हणजे वेळ आहे. मी सकाळपासून म्हणतेय, संत्री झाली की जाऊन येते. इथून पाच मिनिटांची तर वाट आहे. काय सांगायचं ते पाठ आहे माझं, वर्षभर पाठ आहे. केरिन माझं तोंड बघणार नाही त्यानंतर. डार्सीला कळेल. पण नरेल त्या पुलावरून तरी मान वर करून जाईल, नाही का? जाईन मी. एवढी सहा संत्री संपली की जाते.

तू तुझी खूण कर — सांगता येत नाही, तिसरा चौकोन. आणि बाकीचं नको लिहूस, तुझ्या कागदावर त्याला जागाच नाही. ऊठ आता, ऊठ, भोंगा झाला, पोरं येतील, तुझे बूट खराब होतील इथं. खिडकीशी कोण उभं आहे? मर्व्ह? भोंगा वाजवायचं काम सोडून इकडं कुठं? काय आहे हातात?

"ट्रक दोनलाच आला, गेली नरेल. कँटीनची तिच्याकडची किल्ली दिलीय, म्हणाली, व्हॅलच्याच हातात दे मर्व्ह, बाकी कुणावर माझा भरवसा राहिला नाही."