पानाच्या बदल्यात पावडर

नाही नाही, पानं नाहीत भाऊ — जिलेटिनचं पान अमरावतीत घेते कोन? पावडर न्या, तीच चालते. फोन खाली करा, पाहिला मी केकचा व्हिडिओ, बायकोनं पाठवला ना? लग्नाचा वाढदिवस का? नुसती मान हलवता — तंबाखू-सुपारीचा खर्रा असन तोंडात, तरीच. असू द्या, ऐका. चार पानं म्हटली का पावडरचे दोन छोटे चमचे, सपाट, शीग नाही लावायची. थंड पाण्यावर भुरभुरायची, फुगू द्यायची, मंग कोमट करून गाळायची — उकळली का कामातून गेली. चायना ग्रास? ते शाकाहारी हाये, पन घट्ट होते, चावा लागते. अन् ज्या मानसाले चावताच येत नाही त्यानं काय करावं?

आता तुमाले काहून सांगून राहिली मी हे — आमच्या घरधन्याचं, याइचं, तोंड उघडत नाही. पुरा चमचा जात नाही, तिखट तर लांबच, साध्या वरनानं आग होते. खर्राच, दुसरं काय! अकोल्याचे डॉक्टर म्हने, ऑपरेशन करू, पन आधी अंगात जीव येऊ द्या, वजन वाढवा. मंग मी दुधाची जेली करू लागली — आपोआप उतरते ना घशातून. नागपूरहून मागवलेली पानं होती तवर बरं होतं. पान भिजवलं, पिळलं, गरम दुधात सोडलं, विरघळलं. पानं सरली, अन् मी अकलेचा कांदा, पावडरबी तशीच कोरडी लोटली गरम दुधात! गुठळ्या झाल्या. एक अडकली याइच्या घशात — डोळे पांढरे, माझं मनगट असं आवळलं — वाचले, देवाची किरपा. पन तवापासून माझ्या हातचं घेत नाहीत. आता गाळून करते, आधी मी खाऊन दाखवते, तरी वाटी सरकवतात — ‘रूपाली, राहू दे,’ दातातूनच बोलतात. केकच्या सामानाचं दुकान घरात, अन् घरधनी उपाशी! भेव वाटते भाऊ. लई भेव वाटते.

हसता काहून? तुमाले नाही होनार? बरं — डॉक्टरनं याइले पयल्यांदा करायले लावलं तेच करा. थुकून या बाहेर... हां. आता तीन बोटं धरा, एकावर एक, अन् घाला तोंडात — चांगल्या तोंडात तिन्ही जातात. लाजता काय, दुकानात कोनी नाही. घाला.

दोनच?

अजून उघडा. अजून —

राहू द्या. राहू द्या भाऊ, दुखन. पावडरची पुडी ठेवा खाली. जा, बायकोले घेऊन या, डॉक्टरचा पत्ता देते.