कोफीनं जेवताना सांगितलं ते

दुबईत, करामा भागातल्या दवाखान्यात शुभ्रा नंबरची चिठ्ठी धरून बसली होती. मागच्या बाकावर बांधकामावरचे दोन मराठी गडी बोलत होते. तिनं हातातलं मासिक मिटलं.

"केरूदादा, कोफीला आत जाऊन अर्धा तास झाला की!"

"होऊ दे. मनाचं दुखणं आहे मिथुन, दात थोडाच उपटायचाय?"

"घानाचा एवढा पहाडासारखा गडी, सगळ्या कॅम्पला हसवायचा. मला स्वतःचा मोजायचा टेप दिला, तुला ब्लँकेट. मला वाटलं, दिलदार माणूस."

"मलाही तेच वाटलं. तो जायची आवराआवर करत होता रे! आणि मी तेच पांघरून खुशाल घोरत होतो."

"मग कळलं कसं?"

"काल मेसमध्ये त्यानंच सांगितलं. 'ब्रदर, मुझे मरने का मन होता है. अकेला मत छोडो.'"

"सगळ्यांदेखत? लाज नाही वाटली?"

"वाटली असेल. त्याचा थोरला भाऊ असाच जीव देऊन गेला. त्यांच्या घरी म्हणे, पुरुषानं रडायचं नाही. भाऊ शेवटपर्यंत गप्प राहिला, हा बोलला. तिसाव्या माळ्यावर परांचीवर उभा राहतो, त्याचं मला नवल नाही. पण हे काळीज कुठून आणलं त्यानं?"

"आपल्याकडे तरी काय वेगळं सांगतात, दादा?"



"मिथुन, खिडकीवरून अजून एक नंबर आण."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

बाक करकरला. मिथुन उठला होता.

"हेल्थ कार्ड दे, दादा."