चोवीस तास गप्प

(लातूरमधलं एक स्वयंपाकघर. ओट्यावर लॅपटॉप, समोर क्लासचं सॉफ्टवेअर घरून सांभाळणारी सिंधु, पडद्यावर कोचिंग क्लासचे व्यवस्थापक दयानंद. कुकरची शिट्टी होते.)

दयानंद: काय म्हणलात, मॅडम?

सिंधु: मी नाही, कुकर बोलला. आपल्या क्लासच्या कामात वेळेवर बोलणारा तो एकटाच.

दयानंद: टोमणे राहू द्या. कार्यक्रम-मंजुरीचं ते सॉफ्टवेअर आजपासून पक्कं करायचंय. मोठे सर म्हणाया लागलेत, पुण्याच्या क्लासवाल्यांकडं हाय अन् आपल्याकडंच न्हाई.

सिंधु: पक्कंच आहे. कार्यक्रम सुचवणारा अर्ज टाकतो. तो शाखाप्रमुखांकडे जातो, तिथून अकाउंट्सला, शेवटी क्लासचे मालक म्हणून मोठ्या सरांकडे. सरांनी हिरवं बटण दाबलं, की मंडपवाल्यापासून हारवाल्यापर्यंत सगळ्यांची कामं आपोआप वाटली जातात. फक्त सर बटण दाबत नाहीत. शिक्षकदिनाचा कार्यक्रम अजून त्यांच्याकडे पडून आहे. शिक्षकदिन होऊन गेला.

दयानंद: म्हणून तर तो नियम घालायला लावला तुम्हाला. चोवीस तासांत सर काही न्हाई बोलले, तर मंजूर समजायचं.

सिंधु: घातला. आणि त्या नियमानं पहिलाच कार्यक्रम मंजूर झाला तो हा. वाचते. ‘गुणवंतांची भव्य मिरवणूक. ढोलपथक, डीजे, उघड्या जीपमध्ये विद्यार्थी.’ विद्यार्थ्यांच्या पुढच्या जीपमध्ये काय, तर मोठ्या सरांचा फोटो. परीक्षा त्या फोटोनं दिली असणार.

दयानंद: तुम्ही हसा. पालक ते बघूनच पोरं क्लासला घालतात. नांदेडच्या क्लासवाल्यांनी तर हत्ती आणायचं चालवलं होतं.

सिंधु: हत्तीला तरी विचारलं असेल. तारीख बघितलीत?

दयानंद: तीस सप्टेंबर. शनिवार हाय, टेस्ट न्हाई कुणाची.

सिंधु: भूकंपाचा दिवस आहे, सर. लातुरात बसून त्या दिवशी ढोल लावता?

दयानंद: तीस वर्षं झाली त्याला. आमच्या निलंग्यातबी हादरलं होतं, मला काय ठाऊक न्हाई व्हय? पण आताच्या पोरांना भूकंप म्हणजे भूगोलाचा धडा. तुम्हाला एवढं वाटतंय तर सकाळी दोन मिनिटं मौन ठेवा. टाका अर्ज.

सिंधु: टाकला होता. अकाउंट्सनं विचारलं, मौनाला माइक लागेल का. शाखाप्रमुखांनी विचारलं, मौनातून किती प्रवेश येतील. आणि माघारी पाठवला.

शिवांगी: आई, आज्जीनं गादी अंगणात नेली.

सिंधु: नेऊ दे, शिवू. तिची उशी दे नेऊन. सर, सप्टेंबर लागला की माझी आई घरात झोपत नाही. आणि तुमची मिरवणूक आमच्याच गल्लीतून आहे.

दयानंद: मंग त्या दिवशी त्यांना पाव्हण्यांकडं धाडा की.

सिंधु: कुठल्या? आईचे पाहुणे एका रात्रीत संपले. विसर्जन होतं त्या रात्री. गावभर ढोल वाजले, माणसं दमून झोपली, पहाटे डोक्यावरचं मातीचं माळवद खाली आलं. आजही ढोल ऐकला की तिला त्याच्या पुढचं ऐकू येतं.

दयानंद: हे मला ठाऊक नव्हतं.

सिंधु: अर्जात विचारायचा रकाना नव्हता ना.

दयानंद: मॅडम, मी समजू शकतो. पण आता मंजूर झालं. सर गप्प बसले म्हणजे हो झालं. नियम तुम्हीच बसवलाय.

सिंधु: मीच. तेच डोक्यातून जात नाही. सर, सकाळी बाहेरगावची माणसं आली मदतीला. ढिगाऱ्यावर उभी राहून हाका मारायची, कोणी आहे का. आवाज आला तिथं उकरायची. मी तान्ही होते, रडले, म्हणून मला काढलं. माझ्या शेजारी दादा होता, ज्ञानोबा. तो गप्प होता. माणसं पुढच्या घराकडे गेली.

दयानंद: मंग?

सिंधु: संध्याकाळी काढला. आई म्हणते, अंग अजून गार पडलं नव्हतं. (लॅपटॉपवर काहीतरी टाइप करते.) नियम बदलला मी. आत्ता, तुमच्यासमोर. चोवीस तास कुणी बोललं नाही, तर कार्यक्रम थांबला. मिरवणूक परत मोठ्या सरांकडे गेली आहे. हवी असेल तर त्यांनी हातानं बटण दाबावं.

दयानंद: नोकरी जाईल तुमची. लेकरू सांभाळत घरून करायचं काम लातुरात दुसरं कोण देतंय?

सिंधु: कुणी नाही. रोज हिला झोपवताना तोच तर हिशेब करत असते.

दयानंद: अन् एक सांगू? सरांचा पासवर्ड माझ्याकडंच हाय. त्यांच्या नावानं बटण दाबायची माझी छाती झाली न्हाई, म्हणून तर तुमच्याकडून नियम मागितला.

सिंधु: मग आज दाबा. मी बघते.

दयानंद: न्हाई होत. आजबी न्हाई होत. तीस तारीख उलटू द्या, एक तारखेला बघतो मी ते. सरांनी विचारलं तर माझ्याकडं धाडा. ठेवू?

सिंधु: ठेवा. शिवू, तू उशी घेऊन इथंच उभी? गेली नाहीस?

शिवांगी: आई, ज्ञानोबामामा गप्प का बसला होता?