राखीव की खुला

मुलीच्या प्रवेशाचे कागद घेऊन बाई तपासणीच्या रांगेत उभ्या होत्या. पुढे एक बहीण-भाऊ बोलत होते.

"सॉफ्टवेअरची नोकरी सोडून बसलायस. मॅनेजमेंटला यंदा तरी नंबर लागू दे रे."

"लागेल, ताई."

"गेल्याच वर्षी लागला असता. जातीचा दाखला घरात असून खुल्यातून फॉर्म भरलास, नि दोन मार्कांनी हुकलास."

"ऑफिसात साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, 'तुला काय चिंता, तुमच्या जागा ठरलेल्याच!' डोक्यातच गेलं माझ्या."

"म्हणून त्यांना दाखवून द्यायला निघालास. त्यांना पत्ता तरी होता का?"

"कुठला! विसरूनही गेले असतील."

"त्या दाखल्यासाठी बाबांनी सात रजा टाकल्या, सात खेपा घातल्या. तुला बोलले काही?"

"अवाक्षर नाही. तेच जास्त लागतं गं."

खिडकीतून कारकुनानं विचारलं, "राखीव की खुला?"

रांगेतल्या माना वळल्या.

"राखीव," तो म्हणाला. मग न विचारताच त्यानं जातही सांगितली, रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी.

बाईंनी फाइल उघडली, तळाशी सरकवलेला मुलीचा दाखला काढला आणि सगळ्यांत वर ठेवला.